तळहातावरचा शिक्का

चाळिसाव्याची फातेहा झाली, पंगत उठली आणि दासगावच्या जकातदारांच्या अंगणात देगा घासायचा खणखणाट सुरू झाला, तेव्हा नाझियानं आपली पिशवी भरायला घेतली. पोलादपूरला परत जायचं, आणि आता लवकर यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. अब्बा गेले. अम्मी इद्दतीत, नवऱ्यामागच्या सुतकात, आतल्या खोलीत पांढरी ओढणी घेऊन बसलेली. दोन भाऊ, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. माहेर म्हणावं असं इथं तिच्यासाठी काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात धाकटा राहील दारात आला. कुवेतहून आलेल्या माणसाची घाई त्याच्या अंगात मुरलेली. तो उभा राहिला तरी निघाल्यासारखा दिसे.

"बाजी, अंदर चल जरा. शिक्क्याचं आजच फायनल करू. परवा माझी फ्लाइट हाय."

"शिक्क्याशी माझं काय काम? तो तुमचा. पोरग्यांचा."

"अगो, चल तर. बोलू नको, नुसती बस. मी एकटा पडलो की भाई मला खाऊन टाकील."

अम्मीच्या खोलीत जायचंच होतं, निरोप घ्यायला. म्हणून ती गेली.

शिक्क्याची गोष्ट जकातदारांपैकी ज्याला विचाराल तो वेगळी सांगेल, आणि वर आपलीच खरी म्हणून पैज लावील. एवढं मात्र सगळ्यांना मान्य, की सावित्रीच्या खाडीतून गलबतं दासगावपर्यंत येत होती त्या काळात याकूब मलिक नावाचा त्यांचा पूर्वज बंदरावर जकात घ्यायचा, आणि त्याचा शिक्का उठल्याशिवाय सुपारीचं पोतंसुद्धा पुढं सरकत नसे. हा शिक्का आदिलशहानं दिला की जंजिऱ्याच्या सिद्दीनं, एवढ्यावरून दोन चुलत घरं कित्येक वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नव्हती. अंगठ्याएवढी सोन्याची मूठ, मुठीला माणकांचा वेढा, आणि बुडाला लालसर अकीकाचा दगड. त्यावर याकूबचं नाव. पुढं जकात गेली, खाडी गाळानं भरली, जमिनी कुळांच्या झाल्या, घरचे तरुण आधी बोटीवर आणि मग आखातात गेले. नवाबी उरली ती फक्त शिक्क्यात, आणि थोडीफार जकातदारांच्या नाकात.

पण शिक्क्याचा खरा मान लेकींचा. याकूबची मुलगी गलबतात बसून बाणकोटला सासरी निघाली, तेव्हा वाटेतल्या चौक्यांवर तिला कुणी अडवू नये म्हणून बापानं शिक्का मेंदीत बुडवून तिच्या उजव्या तळहातावर उठवला. ही माझी आहे, हिला जाऊ द्या, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हापासून या घरातली लेक सासरी जाताना घरचा कर्ता पुरुष तिच्या तळहातावर शिक्का उठवतो. मेंदी निघाली की लाल गोलात नावाची अक्षरं कातडीच्या रंगाची कोरी राहतात. सासरच्या बायका नव्या सुनेचं तोंड नंतर बघतात, आधी तळहात उघडून बघतात.

नाझियाचा तळहात उघडून बघितला तेव्हा तिच्या सासूनं विचारलं होतं, "मेंदी तर रंगली हाय गो, पण शिक्का कुठं हाय?"

शिक्का नव्हता. अठरा वर्षांपूर्वी नाझियानं पोलादपूरच्या एका गॅरेजवाल्याशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरला. अब्बांनी, जुल्फिकार जकातदारांनी, वर्षभर तोंड फिरवून शेवटी होकार दिला, दागिने घातले, निकाहाला बसले, बिदाईच्या वेळी रडलेसुद्धा. पण मेंदीची वाटी समोर आली तेव्हा वाटीकडे न बघता म्हणाले, "शिक्का आता उठवायचा नाय. झिजतोय तो." सगळ्या आत्या आणि चुलत बहिणी ज्या घरातून शिक्का घेऊन गेल्या, त्या घरातून ती कोऱ्या हातानं गेली. गॅरेजवाल्याच्या बायकोसाठी जकातदारांचा दगड झिजतो, असा तिनं त्याचा अर्थ लावला, आणि दुसरा कुठला अर्थ तिला कुणी सांगितला नाही. दर उन्हाळ्यात अब्बा आंब्याची पेटी घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर यायचे. ती मुलाला पाठवायची. स्वतः जायची नाही. त्यांच्या शेवटच्या आजारातही ती आली नाही. आली ती जनाज्यालाच.

आत अम्मी, नुरजहाँ, पलंगावर तसबीहचे मणी ओढत बसल्या होत्या. मोठा मुलगा तौकीर खिडकीला पाठ लावून उभा. महाडला त्याचे दोन टेम्पो आणि एक ट्रक, पण तो स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं पण त्यामागचं खरं कारण कुणाला माहीत नव्हतं. पलंगावर मखमलीच्या डबीत शिक्का होता. राहीलनं तो उचलून उजेडात धरला.

"बघ बाजी. कुवेतला एक साहेब हाय, जुन्या चिजांचा मोठा शौकीन. त्याला फोटो धाडला मी. बोलला, माल असली असंल तर तू मागशील ते. अजून किती साफ हाय बघ. मी मदरशात बसून झोपा काढल्या, तरी मला वाचता येतं." त्यानं दगडावर बोट ठेवून वाचलं. "याकूब मलिक. बंदर दासगाव."

"डबी बंद कर," तौकीर म्हणाला.

"भाई, मी काय खातोय का त्याला?"

"अब्बा बोलले होते, काढायचा नाय."

"अब्बा गेले. आता आपण बोलायचं. आपल्याला ह्याचं काय लोणचं घालायचं हाय? बाजी, तू बोल."

नाझियानं शिक्क्याकडे नीट पाहिलंही नाही. "विका," ती म्हणाली. "माझ्या नावाचं त्यात कधी काय नव्हतं. विका आणि मोकळे व्हा."

"ऐकलंस भाई? बाजी माझ्या बाजूनं हाय."

"मी कुणाच्या बाजूनं नाय. मला निघायचं हाय."

राहीलचं तोंड उतरलं. तेवढ्यात तौकीरची मुलगी रिम्शा हातात वाटी घेऊन आत आली. महाडच्या कॉलेजात शिकणारी, पुढच्या महिन्यात निकाह ठरलेली. वाटीत कालवलेली मेंदी होती. आजीसमोर मेंदी आणली म्हणून ती आधीच ओशाळली होती.

"दादी, तुम्हाला लावत नाही, रागावू नका. पण हे लोक विकायच्या गोष्टी करतायत. विकायच्या आधी एकदा माझ्या हातावर उठवा. म्हणजे रंग कसा चढतो ते तरी कळेल." मग ती नाझियाकडे वळली. "फुफी, तुम्ही उठवा. दादाअब्बा नाहीत, आता तुमच्याच हातानं हवा मला."

"माझ्या? अगो, तुझा बाप उभा हाय तिथं."

"मला तुमच्या हातानं हवा."

चाळीस दिवसांत या घरात नाझियाकडून कुणी काही मागितलं नव्हतं. ज्या घरानं तिचा हात कोरा ठेवला त्या घराची मुलगी तिच्यापुढं हात पसरून उभी होती. तिला एकदम रडू येईल असं वाटलं आणि ते लपवायला ती हसली. "तुला माझाच हात बरा सापडला," ती म्हणाली, आणि तिनं पिशवी खाली ठेवून शिक्का राहीलच्या हातातून घेतला.

"नाय," तौकीर पुढं आला. "रिम्शा, ती वाटी बाहेर ने."

"का?" नाझियानं विचारलं.

तौकीर अडखळला. त्या खोलीत खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि अम्मीला. गेल्या कित्येक वर्षांत सांगून टाकावं असं त्याला हजारदा वाटलं होतं, आणि हजारदा तो उद्यावर ढकलून मोकळा झाला होता. आताही त्याच्या तोंडून तेच निघालं जे अब्बांच्या तोंडून निघालं होतं.

"झिजतोय तो."

बाहेर देगेवर काथ्या घासल्याचा आवाज येत होता.

"झिजतोय," नाझिया म्हणाली. "माझ्या टायमाला पण झिजतच होता. दगड हाय रे तो, साबण नाय! मी गॅरेजवाल्याची बायको, मला नाय दिलात, ठीक हाय. पण ही तर तुझी पोर! हिला पण नाय?"

"बाजीचं बरोबर हाय," राहील म्हणाला. विकायची गोष्ट तो या भानगडीत विसरूनच गेला. "भाई, विकायचा नाय, उठवायचा नाय, मग ठेवून करायचं काय? मुरंबा?"

"तू गप बस."

"अम्मी, तू तरी बोल ह्याला."

नुरजहाँच्या हातातली तसबीह थांबली होती. "नाझिया," त्या हळूच म्हणाल्या, "ठेव गो ते डबीत. माझं ऐक."

अम्मीसुद्धा. नाझियाला वाटलं होतं, अब्बा गेले तसा त्यांचा तो नकारही त्यांच्याबरोबर गेला असेल. तो इथंच होता, अम्मीच्या पलंगावर बसलेला. तिनं रिम्शाच्या हातातली वाटी ओढून घेतली, शिक्का मेंदीत बुडवला आणि स्वतःच्या उजव्या तळहातावर दाबून धरला. इतका जोरात, की मुठीवरचे खडे तिच्या बोटांत रुतले.

"माझ्या बापाचा हाय," ती म्हणाली. "मला कुणी देत नाय ना? मी घेते."

तौकीर आणि नुरजहाँ दोघांच्या तोंडून एकदमच 'नको' असं निघालं. पण तोवर ती शिक्का उचलून हात बघत होती.

राहीलही वाकून बघायला लागला. हिरव्या लगद्यात कातडीच्या रंगाची अक्षरं उठली होती. त्यानं मान इकडं केली, तिकडं केली. "हे काय लिवलंय? वाचताच येत नाय."

"उलटं आलंय," रिम्शा म्हणाली. "आरशात दिसतं तसं. दगडावर सरळ आहे ना, मग हातावर उलटंच येणार. पण शिक्क्यावर तर अक्षरं उलटी कोरतात, चाचा. म्हणजे उठवल्यावर सरळ येतात. ऑफिसचा रबरी शिक्कासुद्धा तसाच असतो. हा असा कसा?"

आत्यांच्या तळहातांवर नाव सरळ उठलेलं नाझियाच्या डोळ्यांसमोर होतं. लहानपणी तिनं ते कितीदा बोट फिरवून वाचलं होतं.

"हा तो नाय," ती म्हणाली.

नुरजहाँनी डोळे मिटले. नवऱ्याला दिलेला शब्द त्यांनी त्याच्या मातीबरोबर पुरला होता, आणि आता तो पोरीच्या हातावर उगवून आला होता. एवढी वर्षं त्यांनी एका लेकराला सांभाळायला दुसऱ्याला दूर राहू दिलं, आणि कुठलं बरोबर होतं हे त्यांना आजही सांगता आलं नसतं. खोटं बोलायची ताकद मात्र आता त्यांच्यात राहिली नव्हती.

"असली विकला," त्या म्हणाल्या. "तुझ्या अब्बांनी. तुझ्या लग्नाच्या आदल्या साली."

"अम्मी, तू नको. मी सांगतो." तौकीर खाली, जमिनीवर बसला. बहिणीकडे न बघता, फरशीकडे बघत तो बोलू लागला. "आंबेनळी घाटात माझा टेम्पो उलटला होता, आठवतंय ना? मजुरांना घेऊन महाबळेश्वरला चाललो होतो, स्ट्रॉबेरीच्या कामाला. गोमाजी आणि त्याची बायको चंद्राबाई, दोघं गेली. सगळ्यांना सांगितलं ब्रेक गेला. ब्रेक गेला नव्हता. आदल्या दिवशीपासून मी जागाच होतो, फेऱ्यावर फेऱ्या मारत होतो. माझा डोळा लागला."

"भाई…" राहील म्हणाला.

"त्यांची एक पोर होती, सेजल. पाळण्यातली. आजीकडं राहिली. अब्बा मला घेऊन त्या म्हातारीच्या दारात गेले, आणि तिला खरं सांगितलं. तिनं मला काय केलं नाय. पोर नुसती माझ्या मांडीवर ठेवली. घरी आले आणि अब्बांनी डबी उघडली. शिक्का विकून त्या पोरीच्या नावावर शेत केलं. आजपण ती त्यावरच जगतेय."

रिम्शा बापाकडे बघत राहिली. तिच्या बापाचं हे तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"हा जेवत नव्हता," नुरजहाँ म्हणाल्या. "विहिरीवर जाऊन बसायचा. तुझ्या अब्बांनी विहिरीवर फळ्या ठोकल्या, तेव्हा तू मला विचारलंस, ह्या कशाला? मी बोलले, मांजर पडतं."

"आणि हा?" नाझियानं डबीकडे बोट केलं.

"रिकामी डबी कशी ठेवायची घरात? लोकांना कळलं, शिक्का विकला, की का विकला ते विचारतील. म्हणून त्यांनी परगावच्या एका सोनाराकडं जुन्या कागदावरची लाखेची खूण नेली आणि बजावून सांगितलं, जसं दिसतंय तसंच काढ, एक नुक्ता हलला नाय पायजे. त्यानं तसंच काढलं, लॉकेटावर नाव काढतात तसं. ह्यांनी घरी आणला, माझ्यासमोर कागदावर उठवून बघितला, तर नाव उलटं उठलं."

सात पिढ्या ज्या शिक्क्यावरून मान ताठ ठेवली तो उलटा कोरलेला असतो, हे जकातदारांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमी नाव पाहिलं ते लेकींच्या हातावर. दगड उलटून बघायची गरज कुणाला पडली नव्हती.

"दुसरा करायला हातात काय उरलं नव्हतं," नुरजहाँ म्हणाल्या, "आणि तुझी मेंदी तोंडावर आलेली."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू भावाचं तोंड बघितलं असतंस?"

आपण बघितलं नसतं, हे नाझियाला माहीत होतं. त्या वयात तिनं अख्ख्या पोलादपुराला ओरडून सांगितलं असतं.

"तुझे अब्बा बोलले, पोर रागावंल, पण रागावून जगंल. हा नाय जगायचा."

"म्हणजे दोघांत मी मजबूत निघाले," नाझिया म्हणाली. "म्हणून मला फेकलं."

"फेकलं नाय गो." नुरजहाँचा आवाज फुटला. "आंब्याची पेटी घेऊन जायचे, परत आले की मी विचारायचे, भेटली? बोलायचे, भेटली. बरी हाय. जाडी झाली हाय. मला ठाऊक होतं, तू आली नसणार. तुझा पोरगा सांगायचा तेच मला सांगायचे."

तौकीर गुडघ्यांवर पुढं सरकला. त्यानं बहिणीच्या पायाला हात लावला. "नाझिया, मला माफ कर."

तिनं पाय मागं घेतला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही. "आज नको विचारू, भाई. करीन की नाय, मला ठाऊक नाय. आज नको." मग ती आईच्या पलंगाशी जाऊन बसली. बोलली तेव्हा तो लहान मुलीचा आवाज होता.

"अम्मी, मी काय केलं ठाऊक हाय? शेवटी त्यांनी मला फोन केला होता. बोलले, ये एकदा. मी बोलले, माझ्या हातावर शिक्का उठवणार असाल तर येते. ते काय बोललेच नाय. फोन ठेवला. मला वाटलं, मरताना पण ह्यांचं नाक खाली येत नाय. माझ्याजवळ मागायला दुनियेत दुसरं काय नव्हतं का गो? मी नेमकं तेच मागितलं, जे त्यांच्याकडं नव्हतं!"

नुरजहाँनी तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. त्यांना आणखी एक गोष्ट सांगायची होती. ती न सांगता राहता आलं असतं तर बरं झालं असतं.

"फोन ठेवला आणि मला बोलले, मेंदी भिजव. मी बोलले, अहो, काय करताय? बोलले, तिला येऊ दे. मग मला विचारलं, नुरजहाँ, उलटा उठला तर तिला कळंल का गो? मी बोलले, कळंल. कुराण पढलेली पोर हाय, कळणार नाय कसं? मग त्यांनी पुन्हा मेंदीचं नाव नाय काढलं." त्या रडू लागल्या. "ते उठवणार होते, नाझिया. मीच अडवलं."

"उलटा तर उलटा," नाझिया आईच्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली. "मी घेतला असता गो. मला काय वाचायचा होता?"

राहीलनं डबी बंद केली आणि कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरली. कुवेतच्या साहेबाचा फोन वाजत होता, तो त्यानं बंद केला. तौकीर होता तिथंच बसून राहिला. अम्मीच्या पलंगाशी आज त्याला जागा नव्हती, आणि त्यानं ती मागितलीही नाही.

रिम्शा तांब्यात पाणी घेऊन आली. तिचे डोळे लाल झाले होते. तळहातावरची मेंदी कडेनं सुकायला लागली होती.

"फुफी, धुवून टाका. नाहीतर रंग चढेल."

"चढू दे," नाझिया म्हणाली, आणि अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून तिनं हात आईच्या ओढणीपासून लांब, उघडाच धरून ठेवला.